मस्कतची पेटी

माझ्या मोबाइलमध्ये एक रेकॉर्डिंग आहे. त्यात सुरुवातीला कुकरची शिट्टी आहे, मग कोणीतरी "पाण्याचा तांब्या कुठाय?" म्हणून ओरडतं, आणि त्यानंतर जे सुरू होतं ते नक्की काय आहे, हे मला आजतागायत कोणाला पटवून देता आलेलं नाही. भजनवाल्यांना ऐकवलं की ते म्हणतात, हे अरबी आहे. गल्फमधून आलेल्यांना ऐकवलं की ते म्हणतात, छे, हे तर भजन. पुण्याची माझी भाची मला दर आठवड्याला "मावशी, हे ऐकच" म्हणून कुठल्या कुठल्या देशांची गाणी पाठवत असते. तिने थोडंसं ऐकून विचारलं, "हा कोणता बँड?" आणि माझा नवरा म्हणतो, आवाज कमी कर, बातम्या चालल्यात.

बँड कसला डोंबलाचा! ते आमच्या घरचं गणपतीतलं भजन आहे. गाणारे माझे सासरे. घरात आम्ही त्यांना मामंजी म्हणतो आणि बाहेर अख्खी वाडी बुवा म्हणते. आमच्याकडे भजनाचा बुवा म्हणजे नुसता गाणारा नव्हे. पेटी त्याचीच, गळा त्याचाच, आणि कोणी चुकलं तर शिव्याही त्याच्याच. मागे कोरस, बाजूला पखवाज, दोन-चार जणांच्या हातात झांजा, आणि मध्ये पेटीशी बुवा, उजव्या हाताने सूर धरणार आणि डाव्या हाताने भाता मारणार. मामंजींची हयात अशी गेली. नोकरी त्यांनी एका कचेरीत केली, पण ती करताना त्यांना फारसं कोणी पाहिलेलं नाही.

गेल्या शिमग्यानंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. हळूहळू माणूस सावरला. धड बोलण्याच्या आधी शिव्या परत आल्या, तेव्हा डॉक्टरांपेक्षा मला जास्त बरं वाटलं. पाय ओढत का होईना, अंगणात चालू लागले. डावा हात तेवढा रुसला तो रुसलाच. कशीबशी वाटी धरायचा, पण भाता मारायची वेळ आली की मांडीवर पडून राहायचा.

"पेटी दुसरा कोणी धरेल, तुम्ही नुसतं गा," असं माझा नवरा एकदा म्हणाला. मामंजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडी धुवायला निघून गेला.

"दुसऱ्याच्या पेटीवर मी गाऊ? उद्या म्हणाल, दुसऱ्याच्या दातांनी सुपारी खा!"

मग मी तोड काढली. पेटी त्यांचीच, सूर तेच धरणार, भाता मात्र मी मारायचा. मी शाळेत गणित शिकवते. लहानपणी थोडी पेटी शिकले होते, त्यामुळे मला कान आहे, पण धीर म्हणाल तर अजिबात नाही. शाळेतून यायचं, चहा टाकायचा आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसून भाता मारायचा. अर्धं लक्ष गॅसवरच्या आमटीकडे.

"अगो, हळू! अभंग आहे, लोहाराची भट्टी नाही."

"मग तुम्ही जरा लवकर गा. मला भाकऱ्या टाकायच्यात."

"भाकऱ्या थापतेस तसाच भाता मारतेस."

"खाताना बरी नाही तक्रार येत!"

असं भांडत भांडत चाललं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण खरं दुखणं हातात नव्हतंच. पूर्वी मामंजी काळी दोनच्या पट्टीत गायचे, ते आता सफेद एकपर्यंत खाली उतरले होते. त्याचंही काही नाही, वयाने सगळेच उतरतात. पण सा नीट लागायचा, रे नीट लागायचा, आणि गंधार आला की आवाज थोडा खालीच राहायचा. कोमल गंधार म्हणावा तर तो नव्हे, शुद्ध म्हणावा तर तोही नव्हे. वरचा निषादही तसाच. पेटी एक सांगायची, गळा दुसरं. मामंजी परत घ्यायचे, परत खाली. मी मुकाट्याने भाता मारत राहायचे, आणि मी मुकाट्याने मारतेय म्हणजे मलाही कळलंय, हे त्यांना कळायचं.

एका संध्याकाळी त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"पेटी खोटं बोलत नाही गो," ते म्हणाले. "सुराकडे आपण जायचं असतं. सूर काही आपल्याकडे येत नाही."

उठले आणि ओटीवर जाऊन सुपारी कातरत बसले. त्या दिवशी आमटीत मीठ पडलंच नव्हतं, तरी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. हा माणूस गायचा थांबला तर भांडायचाही थांबणार, आणि मग घरात उरणार काय? बातम्या!

आता गडग्यापलीकडचे चाचा. आमच्या आणि त्यांच्या अंगणाच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेइतका गडगा आहे आणि त्याच्यावरून वर्षानुवर्षं वाट्या, ताटल्या आणि तक्रारी ये-जा करतात. चाचांनी उमेदीची सगळी वर्षं मस्कतला एसी दुरुस्त करण्यात घालवली आणि कायमचे परतले ते एक भलामोठा कीबोर्ड घेऊन. तिथे त्यांच्या खोलीत एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस राहायचा, त्याने शिकवलं म्हणे. चाचा संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवायचे. त्यांच्या आईच्या वेळची लग्नातली कोकणी गाणी, जी आता लग्नात कोणी म्हणत नाही, सगळीकडे डीजे असतो, ती गाणी अरबी वळणं घेत घेत यायची. मध्येच खाली आमच्याकडच्या शिमग्यातल्या नमनखेळ्यांसारखा ठेका लागायचा. आणि त्यात एक सूर असा यायचा की भातात दाताखाली खडा यावा.

एक दिवस मला राहवेना. मी गडग्याशी जाऊन ओरडले, "चाचा, तो तुमचा सूर जरा वर ओढा हो! माझं दूध नासेल!"

"तो तसाच असतो गो बाय," चाचा हसून म्हणाले. "तुमच्या पेटीत दोन पट्ट्या असतात ना, त्यांच्या मधला आहे तो. तुमच्या पेटीत त्याला बसायला जागाच नाही. ह्याच्यात आहे. हे बटण दाबलं की गंधार अर्धा खाली बसतो."

"पण कशाला?"

"तिकडे असाच गोड लागतो."

मला काही गोडबीड लागला नाही. पण हे रोज चाललेलं. पुढे चाचा काही दिवस तापाने पडले आणि ओटा गप्प झाला, तेव्हा मला चुकल्या चुकल्यासारखं व्हायला लागलं. एकदा भाजी परतता परतता मी तीच एक ओळ गुणगुणत होते. हौसेने पेटी उघडून तो सूर शोधायला गेले, तर सापडेचना. खरंच जागा नव्हती त्याला. मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली. भाचीने पाठवलेली सातासमुद्रापारची गाणी मी कानाला इअरफोन लावून ऐकत होते, आणि गडग्यापलीकडे एवढं गाणं चाललं होतं त्याला श्रोता मी एकटी, तीही दुधाची तक्रार करणारी.

इथे कोणीही शहाणा माणूस दोन आणि दोन चार करेल. मी गणिताची बाई, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

श्रावण सरत आला तसे पखवाजवाले काका घरी आले. हे मामंजींचे लहानपणापासूनचे सोबती. मिरकरवाड्यात बोटींना बर्फ पुरवायचा त्यांचा धंदा, त्यामुळे गळा बंदरावरचा. त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट पालीच्या बाजारात ऐकू जावी. ते थेट स्वयंपाकघरात आले आणि त्यांच्या मते कुजबुजले.

"सूनबाई, बुवांना कळू देऊ नका. गणपतीत दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे भजन आहे ना, तेव्हा भजनी मंडळ बुवांचा सत्कार करणार. शाल, श्रीफळ. आणि मग पेटीवर नवा बुवा बसेल."

बाहेर ओटीवर अडकित्त्याचा आवाज थांबला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे माणसाला गप्प बसवायचं असलं की त्याच्या अंगावर शाल घालतात. एकदा शाल पडली की तो पुढच्या रांगेत खुर्चीवर बसायचा आणि मान डोलवायचा. मी म्हटलं, "काका, अजून आहेत हो ते."

"आहेत म्हणून तर! नंतर शाल घालून काय उपयोग?" काका म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम खरोखरच खाली आला. "मला काय हौस आहे? त्याच्याशिवाय मला वाजवायला तरी जमेल का, देव जाणे. पण मंडळ चाललं पाहिजे ना."

नव्या बुवाचा गळा चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण मी त्याच पावली गडग्याशी गेले.

"चाचा, तुमच्या त्या पेटीला भाता लागत नाही ना?"

"वीज लागते."

"गणपतीत द्याल?"

"घेऊन जा की! मी त्या दिवशी लांज्याला माझ्या भाचीच्या लग्नात असेन. पण जायच्या आधी येऊन सगळं लावून देतो. बुवांनी फक्त बसायचं."

"आणि ते तुमचं मधलं प्रकरण बंद करा हां आठवणीने. भजन आहे आमचं."

"तू काळजी करू नको गो बाय."

आता आठवतं, "बंद करतो" असं काही ते म्हणाले नव्हते.

मामंजींनी मात्र कीबोर्डला हात लावायला साफ नकार दिला. "प्लॅस्टिकची पेटी? तीही वायरची? उद्या देवापुढे मिक्सर लावशील!" चाचा सकाळी येऊन सगळं जोडून गेले, आणि तो कीबोर्ड गणपतीच्या बाजूला चादरीखाली झोपून राहिला. येणाराजाणारा विचारत होता, हे काय, इस्त्रीचं टेबल?

दिवेलागणीला मंडळ आलं. आमच्याकडे काळ्या वाटाण्याची उसळ असते, त्यामुळे मंडळ कधी उशीर करत नाही. नवा बुवा कडक इस्त्रीचा झब्बा घालून मामंजींच्या पेटीशी बसला. मामंजी खुर्चीवर. पखवाजवाले काका मांडीखाली एक प्लॅस्टिकची पिशवी लपवून बसले होते, आणि पिशवीच्या तोंडातून शालीची जर बाहेर डोकावत होती.

"त्या पिशवीत काय आहे रे?" मामंजींनी विचारलं.

"काही नाही, बुवा."

"काही नाही, तर चमकतंय काय?"

मामंजी उठले. कोणी हात द्यायला पुढे झालं, त्याला झिडकारलं. पाय ओढत गणपतीपाशी गेले, उजव्या हाताने चादर फरकन ओढली आणि त्या प्लॅस्टिकच्या पेटीसमोर बसकण मारली. हौस नव्हती ती, शुद्ध संताप होता.

"लाव गो वायर," मला म्हणाले.

मी बटण दाबलं. मामंजींनी सा धरला. खोलीभर आवाज भरला, भात्याविना. ते चमकलेच. मग त्यांनी अभंग धरायच्या आधी नुसती बोटं वर नेली, आणि गंधार आला तो अर्धा खाली! चाचांचा खडा! नव्या बुवाच्या भुवया वर गेल्या. कोरसवाले एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाचा बटण विसरले! आजच्या दिवशी, सगळ्यांसमोर, मामंजींची ही शोभा! मी कोपऱ्यात जाऊन चाचांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलायचं नाव नाही. पुन्हा लावला. तेच. मग रागाच्या भरात मी रेकॉर्डिंग सुरू केलं, उद्या पुराव्यासकट भांडायला. कुकरने शिट्टी दिली, कोणीतरी पाण्याचा तांब्या मागितला. म्हटलं, आपणच ते बटण शोधू, आणि पुढे वाकले. पाहते तर बटणांची ही रांग, त्यावर अरबी अक्षरं! एवढ्यात मामंजींनी तोंड उघडलं.

सा. रे. मी डोळे मिटून घेतले. आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच गंधाराच्या खाली घसरला, आणि तिथे खाली कीबोर्डचा गंधार आधीच येऊन बसलेला होता. दोघे एकात एक मिसळले. पाहुण्याने पाटावर बसावं तसा तो आवाज निवांत बसला.

मामंजी थांबले. पट्टीकडे पाहिलं. तोच सूर परत वाजवला, परत गायले. परत जुळला. वर निषादाला गेले, तिथेही तेच. मग त्यांनी मान वर केली आणि अभंग असा सुरू केला की मी भिंतीला टेकून उभी राहिले. ओळखीचा अभंग, पण जणू कोणी गलबतात घालून खाडीपलीकडून फिरवून आणलेला. तीच चाल, पण जिथे पूर्वी ती नुसती गोड वाटायची तिथे आता कळ येत होती. पहिल्यांदा कोरस बिचकला. पण कोरसचा धर्म बुवाच्या मागे जाण्याचा. दोन-तीन आवर्तनांत सगळे गळे त्या मधल्या सुरावर येऊन बसले. नव्या बुवाने हळूच जुन्या पेटीचं झाकण लावलं, कारण तिचा गंधार आता एकटाच बरोबर होता आणि त्यामुळे चुकीचा होता. त्याने बाजूच्याच्या हातातून झांजा घेतल्या.

गजराला रंग चढला तसा मामंजींचा रुसलेला डावा हात मांडीवरून उसळला आणि धप्पकन कीबोर्डवर पडला. नेमका कुठल्या तरी बटणावर. आतून एकदम अरबी ढोल सुरू झाला, टाळ्यांसकट!

पखवाजवाल्या काकांचे डोळे विस्फारले. "हा कोण आता?"

बंद कसा करायचा कोणालाच माहीत नाही. काकांनी दोन मात्रा त्या डब्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग "माझ्यापुढे हा वाजवणार?" असं म्हणून त्यांनी पखवाजावर जी थाप मारली, ती मिरकरवाड्यात ऐकू गेली असणार. तो ढोल एक बोलतोय, काका त्याला दोन सुनावतायत, मामंजी वरून ताना फेकतायत, झांजा पेटल्यायत. शेजारपाजारचे दारात जमले. उसळ थंड झाली आणि एकानेही विचारलं नाही. आमच्या मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलेलं नाही.

भजन संपलं तेव्हा काका घामाने निथळत होते. थोडा वेळ चुळबुळ करून त्यांनी मांडीखालची पिशवी काढली आणि शाल हातात धरून उभे राहिले. आता हिचं करायचं काय, ते त्यांना समजेना.

"आण इकडे," मामंजी म्हणाले. "ह्या पेटीवर घाल. हवा दमट आहे."

शाल पेटीवर पडली. नारळाची मी दुसऱ्या दिवशी चटणी केली.

सकाळी चाचा लांज्याहून परतलेले दिसले, तशी मी मोबाइल घेऊन गडग्याशी गेले. "चाचा! फोन कशासाठी ठेवता हो? सांगितलं होतं ना बटण बंद करा म्हणून? विसरलात ना?"

चाचा दात घासत होते. त्यांनी शांतपणे चूळ भरली.

"विसरलो? अगो बाय, सगळा पावसाळा तुझा भाता आणि त्यांचा गळा ऐकतोय मी ओट्यावरून. त्यांचा गंधार कुठे बसतो ते मला पाठ झालंय. निषाद पण. दोन्ही लावूनच गेलो मी. आणि फोन वाजत होता, दिसत होता मला. उचलला असता तर तू बटण बंद करायला लावलं असतंस."

माझे डोळे भरून आले. आम्हाला घरात जे लाजेचं वाटत होतं, ते या माणसाने पलीकडे बसून नीट ऐकून घेतलं होतं आणि त्याला जागा करून दिली होती. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "उसळ पाठवते." मग आवाज खाली आणून म्हटलं, "पण चाचा, मामंजींना हे सांगू नका हं. त्यांना वाटू दे, आपोआप जुळलं. मानी माणूस आहे, परत गायचे नाहीत."

मागे ओटीवर अडकित्त्याचा आवाज थांबला.

"पहिल्याच ओळीला कळलं मला," मामंजी म्हणाले. "कान गेलेत का माझे? जन्मभर मी सुराकडे जात आलो. काल सूर गडगा ओलांडून माझ्याकडे आला, त्याला काय दारातून हाकलू?"

मी तिथेच उभी. चाचाही हातात तांब्या धरून उभे.

"बघत काय राहिलीस? चहा टाक. त्या मस्कतवाल्यालाही बोलाव," मामंजी परत सुपारी कातरत म्हणाले. "आणि सांग त्याला, गंधार बरोबर आहे. निषाद अजून केसभर खाली पाहिजे."